सभागृहातील एसीच्या कंत्राटाबाबत समितीला पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व व्यवस्थापकीय समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मिरामार, पणजी, गोवा.

विषय: सभागृहात एसी बसवण्याचे व देखभालीचे कंत्राट देण्यापूर्वी कोटेशने नव्याने मागवण्याबाबत.

माननीय अध्यक्ष महोदय,

सविनय नमस्कार.

सभागृहातील एसीचे काम आणि पुढील पाच वर्षांची देखभाल सर्वांत कमी रकमेच्या कोटेशनाला देण्याचा ठराव येत्या रविवारच्या बैठकीत मांडला जाणार असल्याचे सूचनाफलकावर वाचले. सचिवांनी तिन्ही कोटेशने लगेच दाखवली, त्याबद्दल त्यांचे आभार. ती वाचल्यावर मात्र हा ठराव पंधरा दिवस पुढे ढकलावा, अशी विनंती करणे मला भाग वाटते.

एकाच सभागृहासाठी एकाने 6 टन, दुसऱ्याने 8 टन आणि तिसऱ्याने 10 टन क्षमता सुचवली आहे. तिघांपैकी एकानेही खोलीची मापे घेऊन उष्णतेचा हिशेब मांडलेला नाही. आपले सभागृह सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे आणि त्याच्या पश्चिमेकडील चार खिडक्यांतून दुपारचे ऊन सरळ आत येते. शिवाय श्रावणातल्या सत्यनारायणाला साठ माणसे बसली, तर नुसत्या माणसांचीच उष्णता सुमारे 6 किलोवॅट, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास होते. हा हिशेब कागदावर आल्याशिवाय तीन आकड्यांतला कोणता बरोबर हे आपण ठरवू शकत नाही, आणि स्वस्त कोणते हेही नाही.

कोणी म्हणेल, थोडा मोठा एसी घेतला तर काय बिघडले? कोरड्या हवेच्या गावात फारसे बिघडत नसेल, पण इथे बिघडते. शांत बसलेला माणूस घाम आणि श्वासावाटे तासाला 50 ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतो, म्हणजे साठ माणसांचे तीन लिटर; त्यात पावसाळी हवेतला ओलावा निराळाच. हा ओलावा एसीच्या आतल्या थंड कॉइलवर, म्हणजे पात्या बसवलेल्या नळ्यांच्या जाळीवर, जमून ड्रेन पाइपातून बाहेर जायला हवा असेल, तर कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट 24 अंशांवर आणतो, कॉम्प्रेसर थांबतो, आणि कॉइलवर जमलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याबरोबर पुन्हा खोलीत येते. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हे बऱ्याच अंशी सांभाळतो, तरी त्यालाही खालची मर्यादा असतेच. माझ्या 120 चौरस फुटांच्या शयनगृहात दुकानदाराच्या आग्रहाखातर दीड टनाचा एसी बसवला होता. खोली गारठायची, पण चादर दमट लागायची आणि जुलैअखेर कपाटामागच्या भिंतीवर हिरवट बुरशीचा पट्टा उमटायचा.

त्याच एसीचा दुसरा अनुभव देखभालीच्या कलमाशी संबंधित आहे. सलग तीन उन्हाळे आमचा तंत्रज्ञ आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. वास्तविक एसीतला गॅस वापरून संपत नाही; तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी गळतो आहे. चौथ्या वर्षी दुसऱ्या माणसाला बोलावले. त्याने गॅलरीत बसून आउटडोअर युनिटच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून बोट फिरवले, तर त्या पांढऱ्या भुकटीसारख्या त्याच्या तळहातावर आल्या. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती एकमेकांना चिकटून असली आणि वर खारट ओल असली की ॲल्युमिनियम झिजत जाते. ते युनिट छज्जाखाली सुरक्षित आहे म्हणून मी इतकी वर्षे निश्चिंत होतो, पण नेमका तिथेच पाऊस पोचत नसल्यामुळे ऑक्टोबरपासून मेपर्यंत समुद्री वाऱ्याने बसलेले मीठ पावसाळ्यातही धुतले गेले नव्हते.

म्हणून नव्या कोटेशनात काही गोष्टी नावानिशी लिहून घ्याव्यात असे मला वाटते. आउटडोअर युनिट समुद्राकडच्या कठड्याऐवजी जिन्याच्या खोलीच्या आडोशाला बसवावे आणि महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, कमी दाबाने धुता येईल इतकी जागा मागे सोडावी. कॉइलवरील गंजरोधक लेप कारखान्यातून केलेला असावा आणि तो कोणता हे लेखी द्यावे. पाती निळ्या रंगाची आहे एवढ्याने भागत नाही. स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) व नटबोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. गंजामुळे कॉइल फुटली तर ती वॉरंटीत धरली जाईल की नाही, हेही आताच विचारावे.

बसवण्याच्या कामात सर्वाधिक हयगय होते ती पाइपलाइनमध्ये. जोड दिल्यावर नायट्रोजन भरून गळती तपासणे आणि मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा व ओल काढणे, हे दोन्ही टप्पे टाळून काही जण थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर ढकलतात. त्यात वेळ वाचतो, पण ओल आतच राहते. एसीत भरला जाणारा आर-32 हा गॅस सौम्य ज्वलनशीलही आहे, तेव्हा तो हाताळण्याचे प्रशिक्षण असलेलाच माणूस असावा. गॅसच्या जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही पाइपांवर स्वतंत्र बंद-पेशी (ओल आत न शिरणाऱ्या फोमचे) इन्सुलेशन हवे, अन्यथा जूनमध्ये पाइपाला घाम सुटून नव्या रंगावर ओघळ येतील. दोन वर्षांपूर्वी वाचनालयात काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

एका कोटेशनात "हॉट अँड कोल्ड" यंत्रे जादा दराने धरली आहेत. पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण 20 अंशांच्या आसपास असतो. हीटर कोणासाठी लावायचा, ते त्या कंत्राटदारालाच विचारावे.

देखभालीच्या करारात "वर्षातून चार सर्व्हिस" इतकेच लिहिले आहे. त्या केव्हा, हे महत्त्वाचे आहे: त्यांतली एक सर्व्हिस मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी ड्रेन पाइप मोकळा करण्यासाठी, आणि एक पावसाळा सरताच, हॉटेलांच्या हंगामात तंत्रज्ञ मिळेनासे होण्याआधी, नक्की असावी. गॅस भरण्यापूर्वी गळती शोधून दाखवणे बंधनकारक करावे आणि कॉइल आम्लयुक्त रसायनाने धुण्यास मनाई करावी. चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या बाजूने काम करणाऱ्या मुलांना सेफ्टी बेल्ट व विमा आहे का, ही चौकशी कंत्राट देणारी संस्था म्हणून आपण करायलाच हवी. एकूण रकमेपैकी दहा टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवावेत, म्हणजे जुलैत केलेल्या फोनला उत्तर मिळते.

खर्च वाढेल याची मला जाणीव आहे, आणि माझाही वाटा त्यात आहे. सभागृहाची मापे, खिडक्यांच्या दिशा व छताची उंची मी मोजून सोबत जोडली आहे. तिन्ही कंत्राटदारांना तीच मापे देऊन कोटेशने मागवल्यास तुलना सारख्या पायावर होईल. पाहणीच्या दिवशी सभागृहाची किल्ली घेऊन थांबण्याची माझी तयारी आहे. शनिवार सकाळ मला सोयीची पडेल.

आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग, तिसरा मजला

सोबत: सभागृहाची मापे, एक पान.