फार्मर्स मार्केटला ईबीटी सुरू करायला मराठी मंडळांनी हात लावावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शटडाऊनमुळे, म्हणजे केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झाल्यामुळे, अमेरिकेत स्नॅपचे, म्हणजे गरिबांना खाण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे पैसे अडकले तेव्हा इकडे राहणाऱ्या आमच्यापैकी बऱ्याच जणांना घरून फोन आले की अरे तिकडे पण रेशन असतं का. असतं. तेव्हा साधारण ४ कोटी २० लाख लोक, म्हणजे आठातला एक माणूस त्याच्यावर होता. फरक एवढाच की गहू-तांदूळ मोजून मिळत नाहीत, ईबीटी नावाच्या कार्डावर दर महिन्याला डॉलर जमा होतात आणि त्यातून खाण्याच्या वस्तू घ्यायच्या. भाजीची रोपं आणि बियाणं पण घेता येतं, हे इथल्याही पुष्कळ लोकांना माहीत नाही. शिजवलेलं गरम जेवण मात्र सहसा चालत नाही.

तुमचा पेपर आम्ही इकडे ऑनलाइन वाचतो, इथली मंडळातली माणसं पण वाचतात, म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात आपण सगळे हौसेने फार्मर्स मार्केटला जातो, ताजी वांगी, कणसं, कुठे कुठे तर मेथी पण मिळते, आणि कार्ड नाहीतर कॅश देऊन घरी येतो. पण तिथेच एखादी बाई ईबीटी कार्ड हातात धरून हळूच विचारते "हे चालतं का", शेतकरी मान हलवतो आणि ती लेकराला घेऊन पुढे निघून जाते, हे मी इथे मिशिगनमधल्या छोट्या गावांच्या बाजारात बघितलंय. भाजी समोर आहे, शेतकऱ्याला विकायची आहे, तिच्या कार्डावर पैसे आहेत, तरी व्यवहार होत नाही. फार वाईट वाटतं.

पूर्वी ईबीटी कार्डाच्या जागी कागदी फूड स्टॅम्प, म्हणजे खाण्याच्या वस्तूंची कूपनं होती तेव्हा पिकअप मागे लावून टोमॅटो विकणारा शेतकरीसुद्धा ते कूपन घेऊ शकायचा. मग कार्डं आली, २००४ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. ते चांगलंच झालं, गैरव्यवहार कमी झाले आणि काउंटरवर सगळ्यांसमोर कूपनं मोजत बसायची लाज गेली, पण त्या वेळच्या मशीनला वीज आणि फोनची लाइन लागायची आणि पार्किंग लॉटमध्ये आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारात दोन्ही कुठून आणणार, त्यामुळे बाजारांतली ही विक्री एकदम घसरली.

यावर लोकांनी जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. प्रत्येक शेतकऱ्याने वेगळं मशीन घ्यायचं नाही, पूर्ण मार्केटच्या नावाने कृषी खात्याची, म्हणजे यूएसडीएची, एकच परवानगी घ्यायची आणि एका टेबलवर एकच मशीन ठेवायचं. तिथे कार्ड स्वाइप केलं की तेवढ्या डॉलरची लाकडी किंवा प्लास्टिकची टोकनं मिळतात, ती घेऊन कुठल्याही स्टॉलवर भाजी, फळं, अंडी, ब्रेड घ्या. शेतकरी दिवसअखेर टोकनं परत देतो आणि मार्केट त्याचे पैसे चुकते करतं. स्नॅपच्या टोकनावर सुट्टे पैसे परत देता येत नाहीत आणि फुलं किंवा साबण घेता येत नाही, एवढे नियम शेतकऱ्यांना नीट समजावून सांगावे लागतात.

वर जोडीला इन्सेंटिव्ह, म्हणजे फळं-भाज्या घ्यायला जास्तीची मदत. न्यूयॉर्क शहरात २००५ पासून हेल्थ बक्स नावाची फळं-भाज्यांची कूपनं आहेत, आणि आमच्या डेट्रॉइटमध्ये २००९ ला डबल अप फूड बक्स सुरू झालं, त्यात कार्डातून जेवढे खर्च कराल तेवढेच, एका मर्यादेपर्यंत, फळं-भाज्यांसाठी वर मिळतात. ही कल्पना पुढे अनेक राज्यांत गेली आणि २०१४ च्या फार्म बिलमध्ये, म्हणजे केंद्राच्या शेती-अन्न कायद्यात, त्याच्यासाठी केंद्राचा निधी पण आला. म्हणजे गरीब घरात भाजी दुप्पट जाते आणि पैसा जवळच्याच शेतकऱ्याच्या खिशात पडतो. आपल्याकडच्या शेतकरी आठवडी बाजारवाल्यांनी पण हे बघण्यासारखं आहे, कारण रेशनवर धान्य मिळतं पण भाजी नाही.

मग सगळीकडे का नाही? डेट्रॉइटच्या ईस्टर्न मार्केटसारख्या मोठ्या बाजारांकडे स्टाफ असतो, छोट्या गावचा बाजार एकदोन माणसं नोकरी सांभाळून चालवतात, त्यांना तो अर्ज, कागदपत्रं, दर आठवड्याची टोकनांची मोजणी आणि प्रत्येक शेतकऱ्याचा हिशोब झेपत नाही. मशीनचा प्रश्न पण आहेच, २०१८ च्या ऐन सीझनमध्ये मोबाईलवर ईबीटी घेण्याची सोय देणारी एक कंपनी बंद व्हायला आली आणि देशभरातली सुमारे १,७०० मार्केट्स लटकली होती. पण मशीन मोफत किंवा स्वस्तात मिळवून देणाऱ्या योजना असतात. माझ्या मते खरी चणचण माणसांच्या वेळेची आहे.

आणि तो वेळ आपल्याकडे आहे. आपल्यात अकाउंटंट आहेत, आयटीवाले आहेत, एक्सेलमध्ये हिशोब लावणं ज्यांना डोळे झाकून जमतं असे शेकडो लोक आहेत, रिटायर्ड काका-मावश्या आहेत ज्या शनिवारी सकाळी टेबलवर बसून टोकनं देऊ शकतात. बरीच मंडळं थँक्सगिव्हिंगला डबाबंद अन्न गोळा करतात, ते करावंच, पण त्याच्यासोबत जवळच्या मार्केटच्या मॅनेजरला एकदा भेटून विचारा की तुमच्याकडे ईबीटी आहे का, नसेल तर अर्ज भरायला आणि सीझनभर हिशोबाला आम्ही माणसं देतो. असेल तर ठळक बोर्ड लावायला आणि लायब्ररीत, दवाखान्यात, शाळेत पत्रकं वाटायला मदत करा, कारण सोय असूनही माहीत नाही म्हणून लोक येत नाहीत असंही होतं.

परवानगीच्या अर्जाला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात आणि आमच्याकडचे बरेच बाजार मे महिन्यात उघडतात, तेव्हा हे काम संक्रांतीच्या कार्यक्रमातच ठरवून फेब्रुवारीत अर्ज गेला पाहिजे.

कळावे,
आपला एक वाचक, मिशिगन, अमेरिका