कूलरची हवा येते म्हणजे दुरुस्ती झाली का?

संपादक महोदय,

कालच्या अंकात एका घरमालकाचे पत्र छापून आले आहे. कूलर बंद पडला की आजकालचे किरायेदार लगेच किराया कापतात, असे त्यांचे म्हणणे. यंदा मीही कापला, म्हणून लिहिते आहे.

मी आरोग्यसेविका. उपकेंद्राचे क्वार्टर राहण्यालायक नाही आणि मुख्यालयी राहिले नाही तर घरभाडे भत्ता धोक्यात येतो. गावात किरायाने मिळणारी घरे मोजकीच, हे घरमालकाला पक्के ठाऊक असते. मला खोल्यांआधी खिडकीतला कूलर दाखवला आणि त्याच्यापायी किराया वाढवून सांगितला. ऐन एप्रिलात मोटर जळाली. खूप विनवल्यावर माणूस आला. त्याने जुनीच मोटर भरून बसवली, प्लग काढून टाकला, वायरची उघडी टोके सॉकेटमध्ये काड्या खुपसून अडकवली आणि गेला. पंखा फिरू लागला. मग टाकीत पाणी भरताना माझ्या मुलीला करंट लागला. बाजूला फेकली गेली म्हणून वाचली. घराला अर्थिंगच नाही, हे वायरमनने दाखवले तेव्हा कळले. त्यावर घरमालक म्हणतात, "सिस्टर, हवा तर येते ना? रबरी चप्पल घालून पाणी भरत जा."

कूलरच्या करंटने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे मरतात. त्या बातम्या आपणच छापता. प्लग काढून पाणी भरा, थ्री-पिन वापरा, अर्थिंग तपासा, असे महावितरण दरवर्षी सांगते. पण अर्थिंगचा खड्डा दुसऱ्याच्या अंगणात किरायेदाराने कोणत्या हक्काने खोदायचा?

मी लेखी कळवले, थांबले, शेवटी अर्थिंग व वायरिंग स्वतः करून घेतले आणि पावत्या देऊन तेवढाच खर्च किरायातून वळता केला. यात लबाडी कुठे आहे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत. हा कायदा अनुसूचीतल्या शहरांपुरता आहे, हे मान्य. पण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ खेड्यालाही लागू आहे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने टाळली, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह वळता करावा, असे त्याच्या कलम १०८ मध्ये आहे. मी व्याज मागितलेले नाही.

आणि लाइट बिलाचेही कोणीतरी लिहा. सबमीटरवर युनिटमागे मनाला येईल तो दर लावतात आणि महावितरणचे बिल मागितले की खोली खाली करा म्हणतात. पत्रलेखक गृहस्थांनी आपल्या किरायेदाराला ते बिल दर महिन्याला दाखवावे.

– एक आरोग्यसेविका, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर
(कृपया नाव छापू नये.)