उपशाचा परवाना मागणाऱ्याला शिल्लक पाण्याचा हिशोब दाखवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसू लागले, की आमच्या पट्ट्यात उपसा परवान्याचा, म्हणजे नदीतून पंपाने पाणी उचलण्याच्या परवानगीचा, विषय निघतो. कुणाची विहीर आटलेली असते, कुणाला ज्वारीऐवजी भाजीपाला करायचा असतो, तर कुणाची जमीन नदीपासून हजार-दीड हजार फुटांवर असूनही कोरडवाहूच राहिलेली असते. अशा शेतकऱ्याने पाण्यासाठी रीतसर अर्ज केला, तर पुढे त्या अर्जाचे काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मी पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात अर्ज दाखल केला. सोबत सातबारा, आठ-अ, पाइपलाइनचा नकाशा, पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि ज्यांच्या बांधावरून पाइप जाणार त्या चार खातेदारांची मुद्रांकावरची संमतिपत्रे जोडली. त्यांपैकी एक खातेदार पुण्याला नोकरीस असल्याने त्यांच्या एका सहीसाठी पंधरा दिवस गेले. अर्ज आवक रजिस्टरला नोंदला गेला आणि क्रमांक मिळाला. त्यानंतर शाखेत विचारले की फाईल उपविभागात असे, उपविभागात गेलो की ती विभागात असे, आणि विभागात गेल्यावर त्रुटीसाठी परत शाखेकडे पाठवल्याचे समजे. त्रुटी कोणती, हे मला कधी कागदावर कळवले गेले नाही. अखेर पाचव्या-सहाव्या खेपेला तोंडी उत्तर मिळाले, की या बंधाऱ्यावरचा कोटा, म्हणजे परवान्यांसाठी ठरवलेले पाणी, संपला आहे.

कोटा खरोखर संपला असेल, तर मला परवाना नाकारणेच योग्य आहे, हे मी मनापासून मानतो. बंधाऱ्यातला साठा ठरावीक असतो. त्यावर किती क्षेत्र भिजू शकते हे मोजूनच मंजुरी द्यायला हवी, नाही तर फेब्रुवारीतच तळ उघडा पडतो आणि खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीही कोरड्या होतात. माझी तक्रार नकाराबद्दल नाही. कोटा किती होता, तो कुणाकुणाला किती दिला गेला, त्यातले किती परवाने आज चालू आहेत आणि किती नुसते कागदावर राहिले आहेत, हे मला कुणीही दाखवले नाही, ही माझी तक्रार आहे. माहिती अधिकारात विचारले, तर माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नसल्याचे लेखी उत्तर आले. ज्या कार्यालयाकडे मंजूर पाण्याची एकत्रित बेरीजच नाही, त्याने कोटा संपल्याचे कशाच्या आधारे ठरवले, हा प्रश्न मग माझ्या मनातून जात नाही.

त्याच बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे अडलेल्या पाण्याच्या पट्ट्यात, रात्री वीज आली की किती पंप सुरू होतात, हे काठावर राहणाऱ्याला मोजावे लागत नाही, ते आवाजावरूनच कळते. त्यांतल्या काहींकडे परवाना आहे, काहींकडे नाही, आणि काही परवाने ज्यांच्या नावे आहेत ते वारून कैक वर्षे झाली तरी वारसनोंद झालेली नाही. रीतसर अर्ज करून थांबलेल्याची जमीन कोरडी राहते आणि न विचारता मोटर टाकणाऱ्याचे पीक उभे राहते. यातून गावातली तरुण मुले काय शिकतात, याची मला फार काळजी वाटते. विनापरवाना उपसणारे सगळेच बेफिकीर आहेत, असेही नाही. त्यांतल्या कित्येकांनी कधीतरी अर्ज केलेला होता.

महाराष्ट्राला या बाबतीत कायद्यांची कमतरता नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ पासून आहे. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आला, पाण्याच्या हक्कदारीची, म्हणजे ठरावीक पाणी वापरण्याच्या हक्काची, संकल्पना कायद्यात आली आणि ती हक्कदारी देण्यासाठी पाचही पाटबंधारे विकास महामंडळांना नदीखोरे अभिकरणांचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणाराही कायदा झाला, आणि त्यानुसार पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे एकरावर नव्हे तर मोजून, पाणी देण्याचे तत्त्व मान्य झाले. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर संस्थांनी पाणी मोजून घेऊन आणि आपसांत वाटून दाखवले आहे, त्यामुळे हे जमण्यासारखे नाही असे कुणी म्हणू नये. पुढे २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांच्यात पाणी किती वाटायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाने स्वतःकडे घेतला. ते योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे आणि या पत्रात तो मावणार नाही. परंतु वाटप वर ठरत असेल, तर खाली शेतकऱ्याच्या वाट्याला नेमके किती उरले हे सांगण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते, कमी होत नाही.

मोठ्या प्रमाणावर हा हिशोब उघडपणे करता येतो, हे आपण पाहिले आहे. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या प्रश्नावर याच जलसंपत्ती प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी जो आदेश दिला, त्यापूर्वी सुनावण्या झाल्या आणि सर्व बाजूंना म्हणणे मांडता आले. आता दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्याचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात, आणि नगर-नाशिकची धरणे व मराठवाडा यांच्यातल्या वादात निदान कुणाकडे किती पाणी आहे यावर लोक बोलू शकतात. दोन प्रदेशांमधले पाणी टीएमसीत मोजून जाहीर होत असेल, तर एका बंधाऱ्यावरच्या पन्नास-साठ पंपांचा हिशोब मांडणे त्याहून पुष्कळ सोपे आहे.

कर्मचाऱ्यांच्या अडचणी मला दिसतात. एकेका शाखा अभियंत्याकडे दोन-दोन शाखांचा कार्यभार आहे, कालवा निरीक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, स्थळपाहणीला जायला वाहन नाही. म्हणूनच मी नवे खाते किंवा नवी समिती मागत नाही. प्रत्येक बंधाऱ्यासाठी आणि नदीच्या प्रत्येक अधिसूचित टप्प्यासाठी एकच पान असावे. त्यावर साठा, मंजूर क्षेत्र, परवानाधारकांची यादी, शिल्लक कोटा आणि प्रलंबित अर्ज दाखल तारखेच्या क्रमाने लिहिलेले असावेत, आणि ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये लावावे. आधी आलेल्याचा अर्ज आधी विचारात घेतला जातो की नाही, हे त्यामुळे गावच पाहील. जे परवाने वर्षानुवर्षे वापरात नाहीत, त्यांना नोटीस देऊन ते पाणी रांगेतल्यांना द्यावे.

आणि नकार लेखी असावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना कारण लेखी नोंदवावे लागते आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचे तेही अर्जदाराला कळवावे लागते. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूदही त्यात आहे. मला दंडात रस नाही. परंतु तोंडी नकारावर अपील करता येत नाही, आणि कारण समजल्याशिवाय शेतकऱ्याला दुसरा मार्गही धरता येत नाही. विहीर खोल करायची, शेततळे घ्यायचे की कोरडवाहूच ठेवायचे, हा निर्णय आमच्यासाठी लाखभर रुपयांच्या कर्जाचा असतो आणि तो या एका उत्तरावर अडलेला असतो. नदीवरून वीजजोडणी मागायची, तरी आधी हाच परवाना विचारला जातो.

माझ्या अर्जाची पोच मी सातबाऱ्यासोबत जपून ठेवली आहे. येत्या ऑक्टोबरात बरगे बसण्यापूर्वी त्या आवक क्रमांकापुढे मंजूर किंवा नामंजूर, यांपैकी एक शब्द कारणासह लिहिला जावा, आणि माझ्या मागेपुढे ज्यांचे अर्ज आहेत त्यांच्याही बाबतीत तसेच व्हावे, यासाठी जलसंपदा विभागाने लक्ष घालावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला,
नदीकाठचा एक शेतकरी