समुद्रफूल उपटू नका, खडक उकळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयावर आलेल्या लेखात एक सल्ला आहे: खडकावर आपोआप उगवणारी तपकिरी समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे, दंश करणारे समुद्री प्राणी) चिमट्याने उपटावीत आणि फारच वाढली तर तो खडक उकळून घ्यावा. पहिल्या उपायाने टाकी हातची जाते, दुसऱ्याने घरातल्यांच्या जिवावर बेतू शकते.

आधी दुसऱ्याविषयी. खडकावर पॅलिथोआ जातीचे, बटणासारखे दिसणारे जीव चिकटलेले असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकते. खडक उकळला की ते वाफेवाटे घरभर पसरते. असा खडक उकळल्यामुळे सगळे कुटुंब श्वसनाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हा प्रयोग कुणीही करू नये. असे खडक कोरड्या ब्रशने खरवडणेही टाळावे.

आता समुद्रफुलाविषयी. टाकीत सर्रास आढळते ते एप्टेशिया. अर्धपारदर्शक तपकिरी देठ, वर लांब निमुळत्या शुंडकांची, म्हणजे बोटांसारख्या सोंडांची, झालर आणि हात जवळ नेला की क्षणात बिळात. त्याच्या दंशपेशी शेजारच्या प्रवाळाला जाळतात. देठ डिवचला तर कडेतून पांढरे धागे बाहेर पडतात, तेही दंश करणारेच. खरी मेख तळपायात आहे. खडकाला चिकटलेल्या तळव्याचा कणभर तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवे फूल उगवते. म्हणून उपटलेल्या एकाच्या जागी पंधरवड्यात चार-पाच दिसू लागतात. आखूड, टोकाशी फुगीर शुंडकांचे मजानो हे दुसरे तण. त्याचाही वेग असाच.

चाळीसेक लिटरच्या टाकीत सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड, अर्थात चुना. पानाचा चुनाही मूळचा तोच, पण डबीतल्या चुन्याच्या शुद्धतेची खात्री नसते, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारी पूड घ्यावी. चमचाभर पुडीत आरओचे पाणी थेंबाथेंबाने घालून दह्याइतका दाट लेप करावा आणि जाड, बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरावा. इन्शुलिनच्या बारीक सुईत तो अडकतो आणि जोर लावला की भस्सकन बाहेर येतो. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे हवेतच, कारण चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

सकाळी टाकीतले दिवे लागल्यानंतर थोड्याच वेळात, फुले उमलली की पंप बंद करावा. पाण्याचा सामू म्हणजे पीएच सकाळी सर्वांत खाली असतो, त्यामुळे चुन्याने तो वाढला तरी थोडी सवड मिळते. सुईचे टोक फुलाच्या अगदी जवळ नेऊन, पण त्याला न शिवता, अर्धा मिलिलिटर लेप तोंडावर आणि भोवताली सोडावा. फूल लेपासकट आत मिटले पाहिजे. टोक लागले तर ते आधीच बिळात जाते आणि लेप वरच राहतो. वीस मिनिटांनी उरलेला पांढरा थर नळीने ओढून घ्यावा आणि मगच पंप चालू करावा.

घाई नडते ती इथे. एक मिलिलिटर लेपात साधारण अर्धा ग्रॅम चुना धरला, तर तो पूर्ण विरघळल्यावर ४० लिटर पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, जवळजवळ १ डीकेएचने (हे तिचे एकक) चढते. एका बैठकीत दहा फुले मारायला गेलात तर मासे आणि प्रवाळ हकनाक मरतील. दिवसाला दोन-तीनच, आणि सामू ८.५ च्या वर जाऊ लागला तर तिथेच थांबावे. आठवड्याने बारीक तपकिरी ठिपके पुन्हा दिसतात. त्यांच्यावर तोच लेप, असे महिना-दीड महिना चालते. लिंबाच्या रसाचे इंजेक्शनही देतात, पण सुई आत शिरेपर्यंत फूल आकसते आणि अर्धवट मेलेला तळवा पुन्हा फुटतो.

समुद्रफुले खाणारे शत्रू जीव पाळायचे तर पेपरमिंट कोळंबी बरी. तिच्या अंगावर बारीक लाल उभ्या रेषा असतात. पाठीवर कुबड, पांढरे पट्टे आणि मोठे डोळे दिसले तर ती उंट कोळंबी, ती प्रवाळच खाते. पेपरमिंटही लहान फुलेच खाते आणि खाद्य भरपूर मिळाले की त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बर्घिया ही गोगलगाय फक्त एप्टेशियावर जगते, मजानोला तोंड लावत नाही आणि फुले संपली की उपाशी मरते. ती कोळंबीसोबत ठेवू नये. लांब चोचीचा कॉपरबँड मासा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, लहान टाकीत तो ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

खडक सहज बाहेर काढता येतो हा लहान टाकीचा मोठा फायदा. एक-दोनच फुले असतील तर छिन्नीने फुलाभोवतीचा सेंटिमीटरभर दगडच फोडून काढावा. तो तुकडा खाडीत किंवा समुद्रात टाकू नये. दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवावा आणि कचऱ्यात द्यावा. बदली खडक म्हणून मालवणहून किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार दगडी प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे. कोरडा कृत्रिम खडक घेतला तर त्यासोबत समुद्रफुले येत नाहीत.

— खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणारे काही वाचक, मुंबई