काकाजी, तुमच्या खिशातली ती पुडी

काकाजी,
सप्रेम जय भीम.

काल संध्याकाळी घरी आलो तेव्हा तुम्ही विहारात गेला होता. काकूंनी पाणी दिलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुह्या काकाजीचं आंघोळ झाली का पहिलं काम एकच. कालच्या सदऱ्यातून तुही ते पुडी काढतात, आजच्या सदऱ्यात ठेवतात. चश्मा मंग लावतात."

मला तिथे बसवेना. पाणी अर्धं ठेवून निघालो, रात्रभर झोप आली नाही. तोंडावर सांगायला आलो तर तुम्ही "सोड ना बापा" म्हणून विषय बदलाल, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

त्या पुडीत खर्रा आहे. नागपुरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. माझे दिवसाला पाच व्हायचे, नाईट शिफ्ट असली की सहा-सात. पहिला ब्रश केल्यावर लगेच. आणि त्यातलं सुख किती टिकायचं? पानठेल्यापासून कंपनीच्या गेटपर्यंत. पुढचा खर्रा आनंदासाठी नसायचाच, आधीचा उतरल्याची चिडचिड घालवायला असायचा. बारा वर्षं मी त्यालाच मजा म्हणत होतो.

शेवटी तोंड उघडेना. तीन बोटं उभी आत जायला हवीत, माझी जेमतेम दोन जात होती. तंबाखू कमी टाकून सुपारी वाढवली की धोका नाही, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. डॉक्टरांनी सांगितलं, तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनेच. नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, तेव्हा आम्ही ठेल्यावर उभं राहून म्हणायचो की आपला खर्रा तर डोळ्यांसमोर ताजा घोटलेला असतो.

तुमच्या आधी मला सुधारायला निघालेले कमी नव्हते. एका व्यसनमुक्तीवाल्यांनी आगाऊ पैसे घेतले, सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवले, फळ्यासमोर उभं करून शपथ वदवली आणि माझाही एक फोटो काढला. पुढे एकदाही फोन नाही. आमच्या सुपरवायझरनी चार माणसांसमोर खिसे तपासले. घरात माझ्या लहान मुलीला माझ्या पाळतीवर ठेवलं, ते तर मी आजही विसरू शकत नाही. सगळ्यांना माझा खर्रा हिसकायचा होता. हिसकला की मी दुसरा आणायचो, आधीपेक्षा लपवून.

तुम्ही काहीच हिसकलं नाही. पहाटे साडेपाचला सायकलची घंटी एकदा वाजवायची, मी आलो तर सोबत अंबाझरीपर्यंत, नाही आलो तर तुम्ही एकटे. दुसरी घंटी कधी वाजवली नाही. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं, मी बायकोवर ओरडायचो, तुमच्याशीही धड बोलायचो नाही. तुम्ही तलावाच्या कट्ट्यावर गप्प बसून राहायचे.

आणि तेविसाव्या दिवशी मी मोडलो. शिफ्टवरून येताना घेतला, अर्धा तोंडात, अर्धा पन्नीत, आणि गल्लीच्या तोंडाशी तुम्ही. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तुम्ही तळहात पुढे केला. मी पुडी ठेवली. तुम्ही पन्नीला नीट गाठ मारली, वर कागद गुंडाळला, वरच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "माह्यापाशी राहू दे. मांगशीन तेव्हा देईन. खरंच देईन."

फेकून दिली असती तर मी तासाभरात दुसरी घेतली असती, हे मी शपथेवर सांगतो. पण ती होती. माझीच होती. तुमच्या खिशात, मागितली की मिळणारी. त्या दिवसापासून 'नाही' म्हणणं माझ्याकडे आलं. तोवर ते कायम दुसऱ्या कोणाचं तरी काम होतं.

नंतर तुम्ही पंचशीलातलं पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं शील समजावलं होतं. रोज म्हणत असूनही मला वाटायचं तो हुकूम आहे. तुम्ही म्हणाले, नीट ऐक, 'सिक्खापदं समादियामि'. शिकायचा नियम आहे तो, आणि मी स्वतः घेतो म्हणतो आपण, कोणी लादत नाही. शिकताना चुकतोच माणूस, पुन्हा घ्यायचा. त्यातला 'पमाद' म्हणजे बेसावधपणा, तो दारूतच असतो असं नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, तुम्ही आईच्या कडेवर होता. त्या दिवशी मैदानात लाखो माणसं स्वतःच्या तोंडाने प्रतिज्ञा घेत होती, हे तुम्ही सांगायचे तेव्हा तुमचा आवाज बदलायचा. तो का बदलतो, ते मला आता कळतं.

चौदा महिने झाले. तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण आणखी आखडलेलं नाही आणि आग कमी झाली. मागच्या महिन्यात पोह्यांवर तर्री घेतली, किती वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानेच आलं असं मी मुलीला सांगितलं. पण खरं सुख तर्रीचंही नाही. संध्याकाळी सात वाजता मी पानठेल्यावरून चालत जातो आणि माझे पाय थांबत नाहीत, ते आहे. रोज मिळतं, आणि उतरत नाही.

लोक म्हणतात चांगुलपणा उरला नाही. मी म्हणतो, तो दिसत नाही, कारण तो धुवायच्या सदऱ्याचा खिसा तपासत असतो. चारशेहून जास्त सकाळी तुम्ही दुसऱ्याचा खर्रा सांभाळला. स्वतः आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लं नाही आणि खिशाला तंबाखूचा वास! काकू म्हणाल्या, विहारात एकाने त्यावरून टोमणाही मारला होता. तुम्ही त्याला काही सांगितलं नाही आणि मलाही नाही.

पुडी परत मागायला आलेलो नाही, काकाजी. राहू द्या तुमच्यापाशीच. रविवारी घंटी वाजवू नका, मी साडेपाचच्या आधी तुमच्या फाटकाशी उभा असेन. येताना पोहे घेऊ, तर्री वेगळी बांधून. काकूंनाही सांगा.

तुमचाच,
मागच्या गल्लीतला