बाळ्या, ती निगेटिव्ह शोध

गावभाग, सांगली

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

आक्काला दिसायला लागलं. बातमी आनंदाची आहे, पण तिच्यापायीच हे पत्र लिहायला बसलोय. फोन केला असता तर दोन मिनिटांत "थांब, हिला देतो" म्हणून तू तो वहिनींच्या हातात दिला असतास, आणि हे वहिनींना सांगून भागणारं नाही.

मिरजेला दोन्ही मोतीबिंदू काढले. आधी उजवा, मग डावा. थेंब घालायचं संपलं आणि आक्का घरभर हिंडायला लागली. कोपऱ्यातली जळमटं काढायला लावली, डबे पुन्हा घासून घेतले, वसूला म्हणाली, "तू एवढा काळा कधी झालास?" आम्ही पोट धरून हसलो. मग ती मधल्या खोलीत गेली, दिनूच्या फोटोपुढं फूल ठेवायला. रोजच ठेवते. आणि तिथंच उभी राहिली. पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली. मग मला हाक मारून म्हणाली, "मधू, हा तू. ही तुझी सायकल. दिनूचं तोंड कुठंय रे?"

हा आपला हरिपूरचा फोटो, संगमाच्या पायऱ्यांवरचा, १९७८ चा. तूच काढलेला. २००५ च्या पुराची रेघ वसूच्या भिंतीवर स्पष्ट होती आणि फोटो तिच्या हातभर वर टांगलेला. त्यामुळं २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर सोडताना त्याचा विचार कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ च्या वर गेलं. परत आलो तर सगळीकडं चिखल आणि चिखलात उपडी पडलेली फ्रेम. वसूनं ती उन्हात वाळवली. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यानं फुगतो, चिकट होतो, आणि काचेला लागून वाळला की काच सोडत नाही. नेमका दिनूच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत तसा डाग पडलाय. तपकिरी, कडेला चकाकणारा. बाकी सगळं शाबूत. आक्काला तेव्हा जेमतेम उजेड-अंधार कळायचा, म्हणून वसूनं सगळ्यांना बजावलं की तिला काही बोलायचं नाही. ती फूल ठेवत राहिली.

आता काय करायचं ते सांग.

स्टुडिओवाल्याकडं नेला. तो म्हणतो, काचेसकट पाण्यात भिजवतो, सुटला तर सुटला. आणि नाही सुटला तर? तर चेहरा काचेवर राहणार आणि कागद कोरा निघणार. मी फ्रेम उचलून घरी आणली. मग वसूचा नातू म्हणाला, "आजोबा, एवढं काय त्यात!" त्यानं मोबाइलमध्ये फोटो घातला आणि चहा होईस्तोवर तोंड तयार करून दाखवलं. देखणा पोरगा आहे रे. नाक सरळ, दात एका ओळीत, केस विंचरलेले. दोन्ही भुवया अख्ख्या! बाळ्या, दिनूच्या डाव्या भुवईत ती फट होती, विटी लागलेली. (विटी तू मारलेलीस. मी तेव्हाही हेच सांगत होतो, आजही सांगतो. मी त्या वेळी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला होतो.) आणि हसताना त्याचा वरचा ओठ एका बाजूनं आधी उचलायचा. ते संगणकाला कुठून कळणार? त्यानं हजारो पोरांच्या तोंडांवरून एक तोंड बेतलं.

मला भीती वाटते ती आक्काला हे आवडणार नाही याची नाही. आवडेल, याची वाटते. नव्वदीला आलीय, इतकी वर्षं धूसर पाहिलंय, "हाच माझा दिनू" म्हणून पटकन छातीशी धरेल. मग वसूचा दिनू तोच, सुनेचा तोच, नातवंडांचा तोच. खरा दिनू कसा दिसायचा हे नेमकं सांगणारे तू आणि मी, आणि आपण काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. म्हणून त्या पोराला म्हटलं, हा फोटो आक्काला दाखवू नकोस, मला थोडा वेळ दे. त्यानं ऐकलं. पोरगा चांगला आहे.

दुसरा फोटो नाहीच. कॉलेजच्या ग्रुप फोटोत दिनू मागच्या रांगेत मोहरीएवढा, तोही हललेला. मार्कलिस्ट, ओळखपत्र, सगळं ट्रंकेसकट पाण्यात गेलं.

म्हणून मी कॅमेरा शिकलो. हसू नकोस. तू कॉलेजची चार वर्षं तुझ्या आग्फा क्लिक थ्रीला मला बोटसुद्धा लावू दिलं नाहीस. रोलमध्ये १२ फोटो, मागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल पुढं सरकवायचा, ऊन की ढग ते ठरवायचं, एवढंच तर काम. पण तू आम्हाला उन्हात ताटकळत ठेवून असा काही आव आणायचास, की दिनू म्हणायचा, "लवकर दाब, नाहीतर आमचं लग्न होऊन पोरं फोटोत येतील."

पुतणी बंगळूरला गेली तेव्हा तिचा जुना साधा डिजिटल कॅमेरा माझ्या कपाटात ठेवून गेली होती. खिशात मावणारा, लेन्स पुढं येऊन आत जाणारी. आधी मी मोबाइलनंच फोटोचा फोटो काढला होता, पण मोबाइल आपल्या मनानं तोंडं गुळगुळीत करतो. माझ्या गालावरच्या त्या वेळच्या पुटकुळ्या त्यानं साफ पुसून टाकल्या. जे आहे ते तसंच दाखवणारं यंत्र मला हवं होतं. जुन्या कॅमेऱ्याला असली अक्कल नाही, त्याचा हाच गुण मला फार आवडला.

सगळ्यात आधी त्याचं बटण समजून घ्यावं लागलं. ते दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबलं की बोटाखाली किंचित अडतं, पडद्यावर हिरवी चौकट येते आणि बारीक टुक वाजतं. म्हणजे अंतर ठरलं, उजेड ठरला. बोट तसंच धरून ठेवायचं आणि मग पूर्ण दाबायचं. एकदम दाबलं की कॅमेरा घाईत भलतीकडंच नजर लावतो. माझ्या बाबतीत तो काचेवरच्या धुळीवर लावायचा.

काचेचं प्रकरण मोठं. फ्लॅश तर बंदच करायचा, नाहीतर मधोमध पांढरा गोळा. तो बंद केला तर काचेत मी दिसायला लागलो, बंडी घातलेला, मागं उघडी खिडकी. मग खिडक्या लावल्या. फ्रेम टेबलावर आडवी ठेवली, टेबललॅम्प दोन बाजूंनी तिरके लावले, साधारण काटकोनाच्या निम्म्यानं. उजेड एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूला परावर्तित होऊन निघून जातो, लेन्समध्ये शिरत नाही. दोन्ही दिवे एकाच जातीचे हवेत. एक पिवळा आणि एक पांढरा लावला, तर अर्धा फोटो हळद माखल्यासारखा येतो. जुन्या छत्रीचं काळं कापड काढून त्याला लेन्सपुरतं भोक पाडलं आणि कॅमेऱ्यापुढं धरलं. बघ, काच असून नसल्यासारखी झाली. त्या क्षणी तू इथं असायला हवा होतास.

अगदी जवळून घेतला तर फ्रेमच्या कडा बाहेर फुगतात. थोडं लांब जाऊन झूम केलं की सरळ येतात. पण झूम लेन्सचा तेवढाच खरा. त्यापुढचा म्हणजे आहे तेच चित्र ताणणं, तो मी बंदच करून टाकलाय. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती तिखट तो आकडा, सगळ्यात कमी ठेवायचा, म्हणजे दाणे येत नाहीत. मग उघडझाप सावकाश होते आणि हात हलतो. त्यासाठी दोन सेकंदांचा टायमर: बटण दाबा, हात काढून घ्या, तो आपला काढतो.

आणि एक शहाणपण असं की कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. पांढरं दिसलं की तो दाबून करडं करतो, काळं दिसलं की उजळून करडं करतो. आपल्या फोटोत वर नुसतं आभाळ आणि नदी, म्हणून सगळं काळवंडलेलं यायचं. अधिक-उण्याचं एक बटण आहे, ते अधिककडं थोडं सरकवलं की नदी परत नदी दिसते. आक्काचा फोटो काढला तेव्हाही तसंच. तिचं पांढरं लुगडं करडं यायला लागलं, ती पडद्यावर बघून म्हणाली, "निळीत जास्त बुडवलंय का रे?" अधिक केलं, तर लुगडं स्वच्छ झालं आणि तिच्या हातांवरच्या शिरासुद्धा दिसायला लागल्या.

मग कॉपी वसूच्या नातवाच्या संगणकावर मोठी करून पाहिली. डागाखाली काही नाही, बाळ्या. मला वाटत होतं, निदान भुवईचं टोक, एखादा कान. डाव्या कानाची पाळी आहे, बस. पण खालच्या पायरीवर एक सावली दिसली, कोपर बाहेर काढून काहीतरी छातीशी धरलेली. तूच! ऊन पाठीवर घ्यायचा नियम तू कधी मोडला नाहीस ना. तुझी सावली दिनूच्या पायताणापर्यंत पोचलीय. इतकी वर्षं भिंतीवर फोटो होता आणि कुणी ती पाहिलीच नव्हती. त्या फोटोत आपण तिघंही आहोत.

आता मुद्द्याचं. निगेटिव्ह तुझ्याकडं आहे.

दिनू गेल्याच्या बातमीनंतरच्या दिवाळीत आपण बोलत नव्हतो ते याच्यावरूनच. मी म्हणत होतो, दिनूचं जे काही आहे ते आक्काकडं राहू दे. तू म्हणालास, "फोटो मी काढलेत, निगेटिव्ह माझ्या," आणि नाशिकला घेऊन गेलास. तू आक्काला विचारायला हवं होतंस, हे माझं म्हणणं आजही तेच आहे. पण गावभागात राहिल्या असत्या तर त्याही कृष्णेत गेल्या असत्या. तुझ्याकडं गेल्या म्हणून वाचल्या असतील. हे मला आक्काच्या देवघरासमोर बसल्या बसल्या सुचलं आणि तसाच उठून पत्राला बसलो.

खाकी पाकीट होतं, वर तुझ्या हातचं "हरिपूर" लिहिलेलं. तुझ्या त्या लोखंडी ट्रंकेत बघ, नाहीतर वडिलांच्या कागदपत्रांत. निगेटिव्ह चांगली मोठी आहे, ६ बाय ६ सेंटिमीटर. सापडली तर पुढचं सगळं मी करतो. मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा ठेवायचा, त्याच्यावर इंचभर उंच काच, काचेवर निगेटिव्ह. पडद्याला चिकटवून ठेवली तर पडद्याचे ठिपके फोटोत येतात. वरून कॅमेरा, फुलाच्या चिन्हावर, म्हणजे जवळून घेता येतं. खोलीतले दिवे बंद. मग संगणकावर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करायचं, ते वसूचा नातू करेल. त्यात त्याला जितकी करायची तितकी मदत करू दे. पदरचं काही घालायचं नाही, एवढंच त्याला सांगितलंय. सराव म्हणून बाबांच्या एका जुन्या निगेटिव्हवर करून पाहिलं. धोतराच्या निऱ्या मोजता आल्या असत्या.

आक्का रोज विचारते, "बाळ्याचं पत्र आलं का?" मी तिला सांगून टाकलंय की खरा फोटो बाळ्याकडं आहे. तू शोधायच्या आतच सांगितलं, याचं तुला वाईट वाटेल तर वाटू दे. तिला कुणीतरी काहीतरी खरं सांगायला हवं होतं. आणि सापडली नाही तर तू स्वतः ये. आपण दोघं तिच्याजवळ बसू आणि दिनू कसा दिसायचा ते सांगू. भुवईपासून. बनवलेलं तोंड त्या भिंतीवर लागू द्यायचं नाही, एवढं माझं नक्की आहे. तुझं काय ते कळव.

माझी तब्येत ठीक, शुगर काठावर. हिचा गुडघा तसाच. तुझ्या कमरेचं काय झालं? लेकीची बदली पुण्याला झाली का? झाली असेल तर नाशिक-पुणे-सांगली एका दमात करायला हरकत नाही. नातवाच्या बारशाचे फोटो वहिनींनी पाठवले होते, पाहिले. गोड आहे, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारा. येताना वहिनींना घेऊन ये, भडंग बांधून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू

ता. क. निगेटिव्ह पोस्टानं पाठवू नकोस. कडेनं धर, मधे बोट लावू नकोस, आणि काही चिकटलेलं दिसलं तर ओढू नकोस, तशीच राहू दे. कोरडा कागद मधे घालून वहीत ठेव. तुला यायला जमणार नसेल तर मी येतो. रात्रीच्या एसटीनं निघतो, कॅमेरा घेऊनच येतो.