सोरोया यांचे रेखाटन सैल नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराला आपण पूर्ण पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र पाण्याखालच्या अवयवांचे त्यांचे रेखाटन सैल आणि घाईत उरकलेले आहे, असा जो ठपका लेखकाने ठेवला आहे, तो वाचून स्वस्थ बसवले नाही.

हा ठपका ज्या चित्रावरून ठेवला आहे, ते स्पेनच्या किनाऱ्यावरील हावेआ या गावी पोहणाऱ्यांचे १९०५ सालचे चित्र. सोरोया वालेन्सियाचे. तिथला किनारा वाळूचा आणि उथळ असल्यामुळे त्यांच्या तिथल्या चित्रांत पाण्यावरचे प्रतिबिंब आणि ओल्या अंगावरचे ऊनच अधिक दिसते. हावेआचा किनारा खडकाळ, पाणी तळापर्यंत नितळ; तिथे त्यांना बुडालेले शरीर पूर्ण दिसले आणि त्यांनी ते जसे दिसले तसेच रंगवले. पाण्याच्या पृष्ठभागाशी अवयव मोडल्यासारखा दिसतो, आखूड होतो, लाटेसरशी त्याची कड तुटते आणि कातडीवर पाण्याचा हिरवा-निळा रंग चढतो. लेखकाला जो सैलपणा वाटला, तो हाच.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण हाच शेरा मी स्वतः सोसला आहे. कला महाविद्यालयात असताना वाईच्या गणपती घाटावर बसून, कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या मुलांचे अभ्यासचित्र मी केले होते. घाटाच्या वरच्या पायरीवरून पाहिल्यावर त्यांच्या मांड्या जितक्या आखूड दिसत होत्या तितक्याच मी काढल्या. परीक्षकांनी त्या पायांवर लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, प्रमाण चुकले असे सांगितले आणि गुण कापले. घाटावर येऊन एकदा पाहा, अशी विनंती मी केली. कोणी आले नाही. पुढे ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सोरोयांचे हे चित्र समोर आले, तेव्हा ते पान मी किती वेळ उघडे ठेवून बसले असेन! त्यानंतर शिक्षिका म्हणून मी प्रत्येक तुकडीला नदीवर नेले, आणि आधी ठाऊक असलेले पाय नव्हे, समोर दिसतात ते पाय काढा, एवढेच सांगत राहिले.

सोरोयांना शरीररचना येत नव्हती, असे म्हणणाऱ्याने त्यांचे १८९९ सालचे ‘त्रिस्ते एरेन्सिया’ म्हणजे ‘दुःखद वारसा’ हे चित्र पाहावे. सान हुआन दे दिओस रुग्णालयातील अपंग मुले समुद्रस्नानाला आली आहेत, काळ्या झग्यातील धर्मगुरू एका कुबड्या घेतलेल्या मुलाला आधार देत आहेत, आणि त्या मुलाच्या पायांतली प्रत्येक विकृती अचूक उतरली आहे. या चित्राला १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही, आणि म्हणूनच सोरोया हे केवळ सुट्टीच्या दिवसाचे, उन्हाचे आणि आनंदाचे चित्रकार असल्याचा समज होतो. वारा अंगावर घेत, पडदे आणि छत्र्या रोवून थेट किनाऱ्यावर मोठमोठे कॅनव्हास रंगवणाऱ्या, १९०९ साली न्यूयॉर्कच्या एकाच प्रदर्शनात साडेतीनशेहून अधिक चित्रे मांडणाऱ्या माणसाच्या कामाला घाईचे म्हणणे हा अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील सोरोयांचे ‘किनाऱ्यावरील मुले’ हे १९१० सालचे चित्र आपण स्तंभात बसवण्यासाठी खालून कापले आहे. ओल्या वाळूवर पालथ्या पडलेल्या त्या तीन मुलांची जांभळट सावली आणि प्रतिबिंब हाच त्या चित्राचा प्राण आहे, आणि नेमका तोच भाग गेला. चित्राखाली साल नाही, संग्रहालयाचे नाव नाही. बातमीतले छायाचित्र कापावे लागते हे मी समजू शकते, पण चित्रकाराचे चित्र कापू नये. पुढच्या रविवारी ते पूर्ण छापावे, आणि शक्य झाल्यास शेजारी ‘त्रिस्ते एरेन्सिया’ही द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, वाई